झालरीची बाही

आमच्या कारखान्यात येणारं गिऱ्हाईक सहसा घाईत नसतं. ज्याच्यासाठी दगड घ्यायचा त्याला कुठे जायचं नसतं, आणि घेणाऱ्याला घरी परतायची इच्छा नसते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पुढे काचेचं छोटं ऑफिस आणि मागे आमचं घर. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दफनभूमीची भिंत. लोक येतात, खुर्चीत टेकतात, भिंतीवर लावलेले नमुने बघत बसतात आणि एखाद्या चिन्हाकडे बोट करून विचारतात, "याचा अर्थ काय?"

मग मी सुरू होतो. मिटलेली कळी लहान मुलासाठी, अर्धी उमललेली तरण्या पोरीसाठी. मध्येच तुटलेला खांब म्हणजे घरचा कर्ता माणूस अवेळी गेला. गव्हाची पेंढी पिकल्या वयाला. जहाजाचा नांगर दर्यावर काम केलेल्यांना, आणि ज्यांच्या घरच्यांना तो नुसताच दिसायला आवडतो त्यांनाही. आपण कोण नाही म्हणणारे! बायको म्हणते, मी हे सगळं मिठाईच्या दुकानात उभा असल्यासारखं सांगतो.

अक्षरं मी कोरतो, आकृत्या बायको कोरते. ती तिच्या वडिलांकडे शिकली. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि शिकता शिकता त्यांचा जावई झालो. हात थरथरतो म्हणून बाबा आता छिन्नी धरत नाहीत. कागदावर आराखडे मात्र तेच काढतात आणि आमच्या चुकाही तेच काढतात. त्या कामात त्यांचा हात अजून पक्का आहे.

जोडप्यांच्या दगडावर आम्ही हातात हात कोरतो. एका हाताची बोटं वाकलेली, समोरच्याला घट्ट धरलेली. तो मागे राहिलेल्याचा हात. दुसऱ्याची बोटं सरळ, सैल. तो गेलेल्याचा. बाई कोण आणि पुरुष कोण हे बाह्यांवरून कळतं. मनगटाशी झालर असेल तर तिचा, साधी पट्टी आणि बटण असेल तर त्याचा. पुढे कधी मागे राहिलेलं माणूसही गेलं की आम्ही छिन्नी घेऊन जातो आणि त्याचीही बोटं सरळ करून येतो. त्यासाठी वाकलेल्या बोटांखाली दगड थोडा जास्त राखायचा असतो. याच्या उलट मात्र करता येत नाही. सरळ झालेली बोटं पुन्हा वाकत नाहीत, कारण दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. बाबांनी आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं ते हे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, थंडीत गेल्या. रात्री चहातल्या साखरेवरून बाबांशी भांडल्या, तोंड फिरवून झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. भांडण अर्धवट राहिलं म्हणून बाबा कितीतरी दिवस बिनसाखरेचा चहा पीत होते. त्यांच्याकडे बघवत नसे.

आईंचा दगड बायकोने हट्टाने एकटीने कोरला. मी फक्त खालचं नाव कोरलं. आमच्याकडे आधी हात कोरतात, खऱ्या हातांचा फोटो समोर ठेवून, आणि बाह्या सगळ्यात शेवटी. बाह्यांचा कागद वेगळा असतो. पातळ ट्रेसिंग पेपर दगडावर चिकटवायचा, कार्बनने रेघा उतरवायच्या आणि त्याबरहुकूम कोरत जायचं. बायको कोरताना मध्येच थांबून डोळे पुसायची, पुन्हा सुरू करायची. मी तिला एकटं सोडलं होतं. अशा वेळी माझे विनोद कुणाला चालत नाहीत, मलाही चालत नाहीत.

दगड उभा केला, लोक येऊन गेले, फुलं सुकली. मग एका सकाळी मी बादली आणि ब्रश घेऊन तो धुवायला गेलो. नवा दगड आम्ही एकदा असा धुतोच, खाचांतली भुकटी निघून जाते. पाणी ओतलं, हात स्वच्छ झाले, आणि मी ब्रश घेऊन तसाच बघत राहिलो.

वाकलेल्या बोटांच्या हाताला झालर होती. सरळ बोटांच्या हाताला पट्टी आणि बटण.

दगड सांगत होता की बाई जिवंत आहे आणि तिचा नवरा गेला. उभ्या गावाला चिन्हांचे अर्थ सांगणाऱ्या आमच्या कारखान्याने स्वतःच्या घरच्या दगडावर अशी चूक करावी! खरं सांगतो, तेव्हा मला फक्त अब्रूची भीती वाटली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्यावरच उखडली. "शक्यच नाही. मी डोळे मिटून कोरलं का?"

"चल, बघ."

तिने बघितलं आणि मटकन खाली बसली. "कागद उलटा लागला," ती म्हणाली. "बाह्यांचा कागद उलटा लागला रे. दोन्हीकडून सारखाच दिसतो तो."

नवा दगड करायचं ठरलं. पण उभा दगड काढायचा तर दफनभूमीच्या ऑफिसची परवानगी लागते, आणि तिथला साहेब रजेवर होता. बाबांना काही सांगायचं नाही असंही ठरलं.

त्याच आठवड्यात बाबांच्या हातून कप पडला. मग चष्मा पडला. मग एकदा जेवताना त्यांनी चमचा उचलायला हात पुढे केला आणि बोटं चमच्याभोवती वळलीच नाहीत. उजव्या हाताची बोटं सरळ राहिली होती, शेजारी शेजारी, सैल.

"वय झालं," बाबा म्हणाले आणि डाव्या हाताने जेवू लागले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. काय नाही, ते मलाही माहीत नव्हतं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत, त्यांच्या वडिलांचा दगड आमच्याकडचाच. आम्ही दोघे त्यांच्यासमोर दोन खुर्च्यांवर बसलो. त्यांनी लिहीत लिहीत वर बघितलं आणि मला विचारलं, "बोला, पेशंट कुठाय?"

मला वाटलं थट्टा करताहेत. "हे काय," मी म्हणालो.

डॉक्टर दचकले. "अरे! या, या बाबा. दिसलाच नाहीत." मग त्यांनी हात तपासला, बोटं वाकवून बघितली, नसेवर दाब आलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. सगळं ठीक झालं. निघताना मी दार उघडलं, तर डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी पेशंटला घेऊनच या." बाबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

घरी येताना मी वाटेत त्यांचा हात धरला होता. उन्हातून चालत होतो, आणि तो हात गार होता.

घरातही काहीबाही होऊ लागलं. मी शंभर वेळा स्वतःला समजावलं की बायको दुःखात आहे, आईच्या सवयी तिच्या हातून नकळत होत असतील. चहाची गाळणी पुन्हा खिडकीच्या खिळ्याला अडकवलेली दिसायची. ओला टॉवेल दाराच्या मागे, आई पिळायच्या तसा पीळ घालून. बाबांच्या पलंगावर शेजारच्या उशीला मधोमध खळगा. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं तू करतोयस. मला बरं वाटावं म्हणून." मग आम्ही दोघांनीही विषय बदलला.

एका दुपारी मी परवानगीची चौकशी करायला दफनभूमीच्या ऑफिसात गेलो. साहेब नव्हताच. फाटकाशी नवा माळी झाडांना पाणी घालत होता. आई गेल्यानंतर तो कामाला लागला होता, त्याने त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"तुमच्या सासूबाई सकाळीच येऊन गेल्या हो," तो म्हणाला.

"कोण?"

"वहिनींच्या आई. अगदी वहिनींचाच चेहरा, नुसते केस पांढरे. लांब बाह्यांचा ब्लाउज, इथे मनगटाला झालर. येतात की रोज."

"काय... काय म्हणतात?"

"काही नाही. बसतात घटकाभर. त्या तुमच्या नव्या दगडापाशी." माळ्याने पाइप दुसऱ्या आळ्यात सोडला. "मी विचारलं, आजी, कोण आहे तुमचं? तर म्हणाल्या, आमचे यजमान. साखरेवरून भांडले आणि झोपेत गेले, म्हणाल्या."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. थडग्यांच्या समोर राहून तसं परवडतही नाही. पण साखरेची गोष्ट आमच्या चौघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती, आणि त्या चौघांतलं एक माणूस मी स्वतःच्या खांद्यावर वाहून तिथे पोचवलं होतं.

घरी आलो तर शेडमध्ये बायको नव्या दगडावर तुटून पडली होती. परवानगीची वाट न बघता तिने काम सुरू केलं होतं. मी माळ्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल. ती फक्त म्हणाली, "माहितीये मला. काल मी तिचा खोकला ऐकला."

मागून बाबांचा आवाज आला. "दगड कुणासाठी चाललाय?"

ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. हल्ली ते आलेले कळतच नसे. पांढरा सदरा, शेडमधली पांढरी धूळ, आणि त्यात ते असे पुसट दिसत होते की मला आधी सदराच दिसला.

"आईचा," बायको म्हणाली. "पहिल्यात चूक झाली, बाबा. कागद उलटा लागला."

"लागला नाही. मी लावला."

छिन्नी ठोकायची मोगरी बायकोच्या हातातच राहिली.

"तू जेवायला गेली होतीस. मी कागद सोडवला, पालटला आणि परत चिकटवला." ते अगदी शांतपणे बोलत होते, आम्हाला एखादी छिन्नी कशी धरायची ते सांगावं तसे. "उभा जन्म मी लोकांसाठी ठरवत आलो, ही बोटं सरळ, ही वाकलेली. हा गेला, ही राहिली. एकदा म्हटलं, आपल्या मनासारखं कोरून बघू."

"बाबा, तुम्ही..." मी पुरता हादरलो होतो.

"मला वाटलं नव्हतं काही होईल," ते म्हणाले. "नुसतं मनाचं समाधान. पण झालं. रोज पहाटे ती थोडी जास्त दिसते. काल तर माझ्याशी भांडली सुद्धा." आणि ते हसले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

बायको त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला तुम्ही हवे आहात."

"आणि आई नको?"

ती मोगरी खाली ठेवून तशीच घरात निघून गेली, आणि त्या दिवसानंतर तिने नव्या दगडाला हात लावला नाही. कसा लावणार? बोटं सरळ करायची ती कोणाची, हे तिलाच ठरवावं लागणार होतं.

ते मी ठरवलं. पुढच्या दोन दिवसांत बाबांचा डावा हातही जड पडू लागला. आरशासमोर दाढी करताना ते मला म्हणाले, "आरसा पूस जरा, काही दिसत नाही." आरसा स्वच्छ होता. त्यात मी दिसत होतो, मागची खुंटी दिसत होती, खुंटीवरचा टॉवेल दिसत होता. माणूस माझ्या डोळ्यांदेखत जात होता, आणि मी परवानगीच्या कागदाची वाट बघत बसलो होतो.

बायको भाजी आणायला गेली तेव्हा मी छिन्नी आणि मोगरी पिशवीत टाकली आणि रस्ता ओलांडला. भर दुपार होती. माळी झाडाखाली आडवा झाला होता.

मी वाटभर विचार केला होता. झालरीच्या हाताची बोटं सरळ केली, तर दगडावर दोघंही गेलेली ठरतील. पट्टीच्या हाताची बोटं वाकवता येणार नाहीत. झालर तासून पट्टी करता येईल, पण पट्टीवर झालर आणायला दगड शिल्लक नाही. मग एकच वाट उरत होती. दोन्ही बाह्या काढून टाकायच्या. झालरही नाही आणि बटणही नाही, नुसते दोन उघडे हात. मग कोण गेलं आणि कोण राहिलं, हे दगडाला सांगताच येणार नाही. मला ती युक्ती फार पटली. घाबरलेल्या माणसाला कुठलीही युक्ती पटते.

आधी झालर घेतली.

छिन्नी लावायला मी डावा हात दगडावर टेकला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. दगड सावलीत होता. तो कोरलेला हात कोमट होता.

"आई," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. "माफ करा."

पहिल्या घावाला झालरीचा एक पापुद्रा उडाला. मागे कुणीतरी खोकलं.

मी वळलो नाही.

घाव घालत गेलो. झालर गेली, खाली गुळगुळीत मनगट उरलं. मग बटण. मग पट्टी. घामाने डोळे चुरचुरत होते. मागे वाळलेल्या पानांवर पाऊल वाजलं, एकदाच, आणि मग काही नाही.

पुन्हा हात टेकून बघितला. दोन्ही हात सारखेच गार होते. नुसता दगड.

घरी पोचलो तेव्हा बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. त्यांच्या उजव्या हातात कप होता. पाचही बोटं कपाभोवती वळलेली. गालांवर रंग होता, सदऱ्याच्या आत पुन्हा माणूस होता. मला रडूच कोसळलं. मी त्यांचे खांदे धरून हलवले, वेड्यासारखा हसलो. माणूस वाचला होता.

ते मात्र रडत होते. "गेली," ते म्हणाले. "आत्ता इथे उभी होती. चहा ओतला आणि गेली. काय केलंस तू?"

मी सिंकवर हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मग सगळं सांगितलं. दोन्ही बाह्या काढल्या हे ऐकल्यावर त्यांचं रडणं थांबलं. त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"दोन्ही काढल्यास? मग आता ते हात कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत. तेच तर."

"कोणाचेच नाहीत असे हात नसतात." त्यांनी कप खाली ठेवला. "लेकीने कोरले कुणाचे बघून? नमुन्याला कोण बसलं होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आम्हीच. मी आणि बायको. शेडमध्ये, कामाच्या पाटाशी. ती म्हणाली होती, तू धर घट्ट, मी हात सैल सोडते, मला दुसऱ्या हाताने मोबाईलवर फोटो काढायचाय.

बाहेरचं फाटक वाजलं.

बायको आत आली. उंबऱ्यातच तिच्या हातातली पिशवी सुटली आणि टोमॅटो घरंगळत टेबलाखाली गेले. ती स्वतःवरच हसली.

"पिशवी वाटेतही दोनदा पडली," ती म्हणाली. "हाताला मुंग्या आल्यात बहुतेक. जरा चोळून दे ना."

तिने हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. चोळला. बोटं वाकवायचा प्रयत्न केला. बाबा खुर्चीतून उठून आमच्याकडे बघत होते.

"अगं बाई, बाबांची बोटं बरी झाली की!" ती म्हणाली, आणि त्यांच्याशी बोलायला वळली.

मी हात सोडला. ती बोलत राहिली, हसत राहिली, आणि तिचा हात मी सोडला होता तिथेच राहिला, पुढे, हवेत, बोटं सरळ.